तांबड्या शेवाळाच्या तीन पिढ्या ओळखायच्या कशा?

कोकणात ओहोटीला उघड्या पडलेल्या कातळावरून चालताना पायाखाली तांबूस, चिवट, ओलं काहीतरी येतं. आपण त्याला सरसकट शेवाळ म्हणतो आणि घसरायला नको म्हणून ते टाळून पुढे जातो. याच शेवाळाचं जीवनचक्र जीवशास्त्राच्या पुस्तकात बाणांच्या गोल आकृतीत छापलेलं असतं. बी.एस्सी.ची मुलं ती आकृती घोकतात, परीक्षेत काढतात आणि निकाल लागायच्या आत विसरतात. खरं तर ती घोकण्याची गरजच नाही. हिवाळ्यातली एक सकाळ, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि थोडा धीर एवढं जवळ असेल तर तिचा बराचसा भाग कातळावर, बोटांच्या चिमटीत पाहता येतो. उरलेला घरी काचेच्या वाडग्यात दिसतो. विद्यार्थी, शिक्षक, सुट्टीला गावी गेलेले चाकरमानी आणि शेवाळशेतीचा विचार करणारे बचतगट अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे.

त्या आकृतीत तीन पिढ्या असतात. पहिली पिढी नर आणि मादी रोपांची. त्यांच्या पेशींत गुणसूत्रांचा एकच संच असतो. दुसरी पिढी मादी रोपाच्या अंगावरच वाढते, तिच्याच जिवावर पोसली जाते आणि वेगळी कधी जगत नाही. तिसरी पिढी पुन्हा स्वतंत्र रोपाची, पण तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात. ही तिसरी पिढी चार-चारच्या गटात बीजाणू तयार करते आणि त्यांतून पुन्हा नर-मादी रोपं उगवतात. गोंधळ होतो तो इथे, कारण पुष्कळ जातींत पहिली आणि तिसरी पिढी दिसायला हुबेहूब सारखी असते. एकाच खडकावर नर, मादी आणि तिसऱ्या पिढीचं रोप खेटून उभं असतं आणि आपल्याला तो एकच झुबका वाटतो.

वेळ आणि जागा

पावसाळा सरला की ऑक्टोबरपासून कातळावर शेवाळ धरू लागतं. डिसेंबर ते मार्च ते भरात असतं आणि एप्रिल-मेच्या उन्हात वरच्या पट्ट्यातलं करपून जातं. म्हणून हिवाळा निवडा. तिथी निवडायची ती अमावास्या किंवा पौर्णिमा उलटल्यावरच्या दोन-तीन दिवसांतली. उधाणात पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खाली उतरतं आणि एरवी कधी न दिसणारा खालचा पट्टा तासभर तरी मोकळा होतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, जाऊन उपयोग नाही.

कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे. द्वितीयेला दोनाची पाऊणपट म्हणजे दीड, म्हणून भरती दीडच्या सुमारास. तिथून सव्वासहा तासांनी, म्हणजे पावणेआठला, ओहोटी. सकाळी एक आणि रात्री एक. हिशेब ढोबळ आहे, गावागणिक थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी त्या ठिकाणचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून घ्याच. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी कातळावर पोचा, उतरत्या पाण्यामागे हळूहळू खाली जा आणि पाणी फिरलं की परत फिरा. एकट्याने जाऊ नका. खाली वाकून पाहताना समुद्राकडे पाठ करू नका. गुळगुळीत तळाची चप्पल घालून तर जाऊच नका. कातळावरच्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात.

वाळूच्या किनाऱ्यावर हे शेवाळ मिळणार नाही, कारण त्याला धरून राहायला खडक लागतो. हरिहरेश्वर, वेळणेश्वर, रत्नागिरी, कुणकेश्वर, गोव्यात हणजूण आणि वागातोर इथले कातळ चांगले आहेत. मुंबईकरांना वांद्र्याचा बँडस्टँडही पुरेल. मालवणला जाणार असाल तर तिथला बराच भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे ध्यानात ठेवा. तिथे पाहायचं आणि फोटो काढायचे. वनखात्याच्या परवानगीशिवाय काडीही उचलायची नाही.

सुरुवात कोणत्या शेवाळापासून करावी

माझं मत स्पष्ट आहे: ग्रॅसिलेरिया कॉर्टिकाटा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ते मुबलक आहे, हाताला जाडसर लागतं आणि त्याच्या खुणा साध्या भिंगाने दिसतात. दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या चपट्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी पुढे दोन-दोन फाट्यांत विभागलेली, चिवट कूर्चेसारखा स्पर्श, आणि तळाशी खडकाला चिकटलेली छोटी चकती. हात-दीड हात लांबीची रोपं शोधत बसू नका. बोटभर उंचीचा झुबका म्हणजे चांगली वाढलेली रोपं. मधल्या आणि खालच्या पट्ट्यात, खळग्यांच्या कडांना ते दाट असतं. याच कुळातल्या शेवाळांपासून आगर काढतात. प्रयोगशाळेतल्या बशीत जिवाणू वाढवायला जे वापरतात तेच आगर घराघरांत चायना ग्रास म्हणून पुडिंगमध्ये पडतं.

रंगावर फार भिस्त ठेवू नका. तांबडा रंग फायकोएरिथ्रिन नावाच्या रंगद्रव्याचा. कडक उन्हात ते कमी होतं आणि वरच्या उघड्या फांद्या हिरवट, पिवळट, कधी तपकिरी दिसतात. शंका आली तर झुबक्याचा सावलीतला बुडखा पाहा, तिथे लाली टिकलेली असते. तरीही खात्री होत नसेल तर एक छोटा तुकडा ठेचून गोड्या पाण्यात टाकून ठेवा. पाण्यात गुलाबी छटा उतरली तर शेवाळ तांबड्या वर्गातलं.

आधी मादी शोधा

झुबका न उपटता त्यातली एक-एक फांदी अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच सरकवा. बहुतेक फांद्या गुळगुळीत लागतील. मध्येच एखादी खरखरीत लागेल. तिच्यावर मोहरीएवढे घुमटाकार फुगवटे असतात, रंगाने उरलेल्या फांदीपेक्षा गडद. भिंगातून पाहिलं तर पिकलेल्या फुगवट्याच्या टोकाला बारीक छिद्र दिसतं. हे सिस्टोकार्प. हे दिसलं की हातात मादी रोप आहे याबद्दल शंका उरत नाही, कारण फुगवटे फक्त मादीवर आणि फलनानंतरच येतात.

इथे जरा थांबा, कारण तांबड्या शेवाळाचं सगळं वेगळेपण या फुगवट्यात आहे. हिरव्या आणि तपकिरी शेवाळांच्या बहुतेक जातींत नरपेशींना शेपटासारखे कशाभ असतात आणि त्या पोहत मादीपेशीपर्यंत जातात. तांबड्या शेवाळाच्या कुठल्याच पेशीला, आयुष्याच्या कुठल्याच टप्प्यावर, कशाभ नसतात. त्याच्या नरपेशी, म्हणजे स्पर्मेशिया, पोहू शकत नाहीत. लाटेने नेलं तिकडे जायचं. मादीपेशी आपल्या जागीच राहते, पण तिला एक लांब केसासारखा तंतू फुटलेला असतो, ट्रायकोगाइन. वाहत आलेली नरपेशी त्या तंतूला चिकटली तर तिचं केंद्रक तंतूतून खाली उतरतं आणि फलन होतं. खवळलेल्या समुद्रात हे जुळून येणं किती अवघड, ते वेगळं सांगायला नको.

मग जे एक फलन झालं त्याचं शेवाळ काय करतं? त्यातून लगेच एकच नवं रोप बनवत नाही. फलित पेशी मादीच्या शेजारच्या पेशींशी जोडली जाते, त्यांच्याकडून अन्न घेते आणि आत तंतूंचा एक गुच्छ वाढवते. हीच ती दुसरी पिढी. मादी तिच्याभोवती आपल्या पेशींची जाड भिंत उभारते. आपल्याला दिसतो तो घुमट या भिंतीचा, म्हणजे आईच्या शरीराचा भाग. आतल्या तंतूंच्या टोकांवर कार्पोस्पोर नावाचे बीजाणू पिकतात आणि छिद्रातून हजारोंच्या संख्येने बाहेर पडतात. एका फलनातून हजारो बीजाणू. अमेरिकी शैवालतज्ज्ञ रिचर्ड सर्ल्स यांनी १९८० मध्ये मांडलं की पोहणारी नरपेशी नसल्याची भरपाई या शेवाळांनी अशी केली आहे: फलनं थोडी होतात, म्हणून प्रत्येक फलनाचं पीक वाढवायचं. तीन पिढ्यांचं गुंतागुंतीचं चक्र मुलांना समजावायचं असतं तर मी इथूनच सुरुवात केली असती. कारण कळलं की नावं आपोआप लक्षात राहतात, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत नेमकं कारणच शेवटच्या ओळीत असतं, किंवा नसतंच.

आता फांद्यांतून फिरणारे बारीक किडेही पाहा. फ्रान्समधल्या रॉस्कॉफ इथल्या संशोधकांनी २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं की ग्रॅसिलेरियाच्या एका युरोपीय जातीत इडोटिया नावाचा लहानसा कवचधारी प्राणी नर रोपावरून मादी रोपावर जाताना अंगाला चिकटलेल्या नरपेशी वाहून नेतो आणि त्यामुळे फलनं कितीतरी वाढतात. बदल्यात त्याला शेवाळावर वाढणारे सूक्ष्म डायटम खायला मिळतात, आसराही मिळतो. फुलं आणि मधमाश्या पृथ्वीवर येण्याच्या आधीपासून पाण्यात असं काही चालू असेल का, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. आपल्याकडच्या ग्रॅसिलेरियाच्या झुबक्यातही असेच प्राणी वावरतात. ते काय करतात, हा एखाद्या महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी फार चांगला विषय आहे.

गुळगुळीत फांद्यांचं काय?

खरखरीत फांदी मादी, एवढं सोपं. गुळगुळीत फांदी मात्र चार प्रकारची असू शकते: नर, तिसऱ्या पिढीचं रोप, फलन न झालेली मादी, किंवा अजून वयातच न आलेलं कोणीही. त्यामुळे गुळगुळीत दिसली म्हणून नर, असा निष्कर्ष काढू नका. विद्यार्थ्यांच्या वह्यांत ही गफलत हमखास सापडते.

तिसऱ्या पिढीचं पक्व रोप ओळखायला फांदी पाण्याने स्वच्छ करून उजेडासमोर धरा आणि वीसपट भिंगातून पृष्ठभाग पाहा. सालीत सर्वत्र विखुरलेले बारीक गडद ठिपके दिसले तर ते टेट्रास्पोर, म्हणजे चार-चारच्या गटातले बीजाणू, तयार करणारे कोष. खात्री मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच होते. गाजराच्या तुकड्याला चीर द्या, तीत फांदी धरा आणि नव्या ब्लेडने जमतील तितके पातळ आडवे छेद घ्या. बाहेरच्या थरात लंबगोल तांबड्या पेशी दिसतील आणि त्यांतल्या पक्व पेशी चार भागांत विभागलेल्या असतील, ग्रॅसिलेरियात साधारण अधिकच्या चिन्हासारख्या. गुणसूत्रांचे दोन संच पुन्हा एक होतात ते इथे. चारांतले दोन बीजाणू नर रोपं होतात, दोन मादी.

नर सगळ्यांत अवघड. त्याच्या पृष्ठभागावर पुसट, फिकट डाग असतात आणि भिंगाने ते कळतीलच असं नाही. छेद घेतला तर वरच्या थरात रंगहीन, अगदी बारीक पेशींचे पुंजके दिसतात. पहिल्या खेपेला नर सापडला नाही तर वाईट वाटून घेऊ नका, अनुभवी माणसांनाही तो हुलकावणी देतो.

मोजणी करायची हौस असेल तर एक गणित मनात ठेवा. दोन्ही पिढ्या सारख्याच तगतात आणि मादी व तिसरी पिढी सारखेच बीजाणू देतात असं धरलं, तर हिशेबाने नर-मादी मिळून शंभरात साधारण ५९ आणि तिसरी पिढी ४१ यायला हवी. प्रत्यक्ष किनाऱ्यावर हे प्रमाण क्वचितच जुळतं. तुमच्या कातळावर ते कुठल्या बाजूला आणि किती झुकलं आहे, याची नोंद अर्थपूर्ण असते. मोजताना एकाच झुबक्यातल्या दहा फांद्या घेऊ नका, त्या एकाच रोपाच्या असू शकतात. हातभर अंतर सोडून वेगवेगळ्या चकत्यांवरून एकेक फांदी घ्या.

घरचा प्रयोग: बीजाणू पाडणं

यासाठी फुगवटे असलेल्या चार-पाच फांद्या पुरेत. चकती खडकावर तशीच ठेवून वरून कात्रीने कापा. चकती शाबूत राहिली तर तिच्यातून पुन्हा फुटवा येतो, उपटलं तर ती जागा गेली. सोबत दोन लिटर समुद्राचं पाणी बाटलीत आणा. नळाच्या पाण्यात मीठ कालवून काम होणार नाही. घरी ते पाणी दाट विणीच्या कापडातून दोनदा गाळून घ्या.

फांद्या त्याच पाण्यात मऊ ब्रशने हलक्या हाताने धुवा, टिपकागदाने टिपा आणि सावलीत तासभर पसरून ठेवा. कुरकुरीत होता कामा नयेत, फक्त मरगळायला हव्यात. ही पायरी गाळू नका. ओहोटीत कोरडं पडून पुन्हा पाणी मिळालं की पिकलेले बीजाणू सुटतात, आणि आपण घरात तेच घडवून आणतो आहोत. नंतर काचेच्या पसरट भांड्यात दोन-तीन काचपट्ट्या ठेवा, गाळलेलं पाणी ओता, वर फांद्या ठेवा आणि रात्रभर थंड, अंधाऱ्या जागी झाकून ठेवा.

सकाळी फांद्या काढल्यावर काचपट्टीवर बारीक तांबूस धूळ दिसली तर प्रयोग साधला. सूक्ष्मदर्शकाखाली ती धूळ म्हणजे गोल, लाल, मिलिमीटरच्या तीस-चाळिसाव्या भागाएवढ्या पेशी. त्या हलत नाहीत. भोवतीच्या चिकट आवरणामुळे काचेला धरून बसतात. काचपट्टी हलकेच पाण्यात फिरवून पाहा, चिकटलेले बीजाणू सुटत नाहीत. लाटांच्या माऱ्यात खडकावर टिकायचं असेल तर पहिल्या काही तासांतलं हे चिकटणं जमलंच पाहिजे. दर दोन दिवसांनी पाणी बदललं आणि भांडं खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, असं ठेवलं तर पेशी विभागताना दिसतात आणि त्यांची बारकी चकती होते. उभं रोप त्या चकतीतून नंतर वर येतं. घरच्या भांड्यात बहुधा त्याआधीच डायटम माजतात आणि प्रयोग संपतो, पण तोवर पाहायचं ते पाहून झालेलं असतं.

हाच प्रयोग तिसऱ्या पिढीच्या फांदीवर केला तर पडलेले बीजाणू दिसायला जवळपास असेच असतात. पण मादीवरच्या फुगवट्यातून आलेल्या बीजाणूंतून तिसऱ्या पिढीची रोपं उगवतात, आणि तिसऱ्या पिढीच्या बीजाणूंतून नर-मादी. म्हणून भांड्यावर चिठ्ठी चिकटवायला विसरू नका.

पावसाळ्यातलं वेगळं प्रकरण

सगळी तांबडी शेवाळं या साच्यात बसत नाहीत. सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंतच्या कातळांवर ऐन पावसाळ्यात, सगळ्यांत वरच्या, एरवी कोरड्या राहणाऱ्या पट्ट्यात एक पातळ, जांभळट, झिलईदार पापुद्रा दिसतो. हे पोरफायरा व्हिएतनामेन्सिस. वर्गीकरणकारांनी त्याचं नाव मध्यंतरी पायरोपिया केलं, अलीकडे फायकोकॅलिडिया. जुन्या पुस्तकांत पोरफायराच सापडेल. ढगाळ आभाळ आणि लाटांचे सततचे तुषार यांमुळे त्याला त्या उंचीवर जगता येतं. पाऊस संपला की पापुद्रा दिसेनासा होतो. पुढच्या पावसात तो परत येतो कुठून?

जपानी लोक सुशीला गुंडाळतात ती नोरी याच्याच भावंडांपासून बनते. तिथले कोळी शतकानुशतकं नोरीची लागवड करत होते, पण बी कुठून येतं हे कोणालाच माहीत नव्हतं. समुद्रात बांबू आणि जाळ्या रोवायच्या आणि वाट पाहायची. उत्तर मिळालं इंग्लंडात. मँचेस्टर विद्यापीठात कॅथलीन ड्रू-बेकर यांनी पोरफायराचे बीजाणू वाढवून पाहिले, तर ते शिंपल्यात शिरून सूक्ष्म गुलाबी तंतू झाले. हे तंतू विज्ञानाला आधीच माहीत होते, पण कॉन्कोसेलिस नावाचं वेगळं शेवाळ म्हणून. दोन्ही एकाच जिवाची रूपं आहेत, हे त्यांनी १९४९ मध्ये ‘नेचर’मध्ये एका छोट्या टिपणातून सांगितलं. लग्न झालेल्या स्त्रीला अध्यापनाच्या पदावर ठेवायचं नाही, या विद्यापीठाच्या नियमामुळे त्यांची नोकरी आधीच गेली होती आणि त्या बिनपगारी संशोधन करत होत्या. जपानी शास्त्रज्ञांनी त्या टिपणावरून शिंपल्यांत बी वाढवण्याची पद्धत बसवली आणि आजचा नोरीचा उद्योग तिच्यावर उभा राहिला. ड्रू-बेकर कधी जपानला गेल्या नाहीत. १९५७ मध्ये त्या वारल्या आणि १९६३ मध्ये कुमामोतो प्रांतातल्या उतो इथे त्यांचं स्मारक उभं राहिलं. दरवर्षी १४ एप्रिलला तिथे त्यांच्या नावाने समारंभ होतो.

म्हणजे पोरफायराच्या गटात दोन पिढ्या अगदी वेगळ्या दिसतात: डोळ्यांना दिसणारा पापुद्रा एका संचाचा, शिंपल्यातला तंतू दोन संचांचा. पापुद्रा नाहीसा होतो त्या काळात शिंपल्यात शोधायला हवं. पक्व पापुद्र्याच्या कडा पाहा. फिकट पिवळसर पट्टा नरपेशींचा, गडद लालसर ठिगळं फलनानंतरच्या बीजाणूंची. पण हे पाहायला पावसात खडकाच्या टोकावर जाऊ नका. उघडीप असलेल्या दिवशी, ओहोटीला, जमिनीच्या बाजूच्या कातळावर मिळालं तर मिळालं. या गटाचा वारसा फार जुना आहे. कॅनडाच्या उत्तरेतल्या सॉमरसेट बेटावर सापडलेलं बँगिओमॉर्फा हे सुमारे १०५ कोटी वर्षांपूर्वीचं जीवाश्म पोरफायराच्या नात्यातलं मानतात आणि लैंगिक प्रजननाचा सर्वांत जुना पुरावा म्हणून त्याचा दाखला देतात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. हिप्निया मस्किफॉर्मिसच्या फांद्यांची टोकं आकड्यासारखी वळलेली असतात. त्याच्या फुगीर उपफांद्यांत टेट्रास्पोर एकावर एक रचलेले दिसतात, आणि तुकडे पडून वाढण्यातही ते पटाईत आहे. जेनिया हे चुनखडी अंगाचं गुलाबी शेवाळ, त्याचे प्रजननकोष सांध्यांजवळच्या छोट्या फुगीर कुप्यांत असतात. सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर पॉलिसिफोनिया घ्या. ज्यांना ग्रॅसिलेरियात नर सापडला नाही त्यांना इथे टोकांशी फिकट नरपेशींचे गुच्छ आणि मादीवर मडक्याच्या आकाराचे सिस्टोकार्प सहज दिसतील.

लागवड करणाऱ्यांसाठी

शेवाळशेतीचं बोलणं आता आपल्या किनाऱ्यावरही ऐकू येतं. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत तिला साहाय्य आहे. तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर कप्पाफायकस या तांबड्या शेवाळाची शेती तराफ्यांवर होते. दोरीला तुकडे बांधायचे, साधारण दीड महिन्यात काढायचे, त्यांतलेच तुकडे पुन्हा बांधायचे. फलन नाही, बीजाणू नाहीत. काम सोपं, पण सगळं पीक एकाच रोपाची नक्कल असतं, आणि रोग आला तर सगळ्यांना सारखाच लागतो. चिलीमध्ये ग्रॅसिलेरियाची लागवड अशीच तुकड्यांवर वाढली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तिथल्या शेतांतली बहुतेक रोपं तिसऱ्या पिढीची निघाली आणि जंगली साठ्यांच्या मानाने त्यांच्यात वैविध्य कमी आढळलं. शिवाय तुकडा सुटून गेला तरी तो जगतो. मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटाजवळ कप्पाफायकस प्रवाळांवर पसरल्याची नोंद आहे.

यातून सल्ला निघतो तो असा. बाहेरची जात आणण्याआधी आपल्या कातळावरच्या ग्रॅसिलेरियाचा विचार करा. बियाणं घेताना ते कुठल्या पिढीचं आहे, हे विचारा. विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर फांदी स्वतः चिमटीत धरून पाहा, कशी ते आता तुम्हाला ठाऊक आहे. रानातून कापणी करायची असेल तर फुगवटे भरलेली रोपं बीजाणू टाकून होईपर्यंत राहू द्या आणि एका खडकावरचं सगळं कधीच काढू नका.

डेन्मार्कचे फ्रेडरिक बर्गेसन १९२७-२८ च्या हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर शेवाळ गोळा करून गेले आणि मुंबई इलाख्यातल्या तांबड्या शेवाळांवर त्यांनी पुढे तपशीलवार लिहिलं. त्या नोंदींशी आजच्या नोंदी जोडून पाहता येतात, त्या त्यांनी जागा, काळ आणि प्रजननाची अवस्था लिहून ठेवली म्हणून. तुम्हीही ठेवा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या धारगळकर आणि कवळेकर यांची २००४ ची क्षेत्रपुस्तिका ओळख पटवायला जवळ असू द्या. प्रत्येक फांदीच्या फोटोबरोबर एक नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. वहीत तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, खडकाचा पट्टा, आणि फुगवटे, ठिपके किंवा गुळगुळीत यांपैकी काय दिसलं ते लिहा. एकाच कातळावर ऑक्टोबर ते मे दर महिन्याला एकदा गेलात तर त्या गावच्या शेवाळात मादी कधी भरते आणि बीजाणू कधी सुटतात, याचं वेळापत्रक तुमच्या हातात येईल, आणि तुमच्या गावच्या किनाऱ्यावर शेवाळ कापायला येणाऱ्या कोणालाही ते दाखवता येईल.